सतरा खोल्यांचं बंड

१९७१ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या कौंटी कला संग्रहालयात ‘आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ हे प्रदर्शन उघडलं. त्याची तयारी काही वर्षं चालली होती. लॉकहीड, आयबीएम, कैसर स्टील अशा बड्या कंपन्यांनी कलाकारांना आपले कारखाने, यंत्रं आणि अभियंते उपलब्ध करून दिले होते. उद्याची कला कशी असेल, हे या प्रदर्शनातून दिसणार होतं. त्या उद्यात एकही स्त्री नव्हती. शहरातल्या चित्रकार आणि शिल्पकार स्त्रियांनी संघटना उभी केली, संग्रहालयाने गेल्या दशकात कोणाची प्रदर्शनं भरवली याचा हिशेब मांडला आणि जाहीर निषेध केला.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी ‘आर्टन्यूज’ मासिकात एक प्रश्न विचारला होता: थोर स्त्री-कलाकार का झाल्या नाहीत? उत्तर त्यांनी प्रतिभेत शोधलं नाही, संस्थांमध्ये शोधलं. युरोपात शतकानुशतकं मोठा चित्रकार व्हायचं तर विवस्त्र मॉडेल समोर बसवून मानवी देहाचा अभ्यास करावा लागे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो वर्ग मुलींना बहुतेक ठिकाणी बंद होता. दार लावून घ्यायचं आणि मग आत कोणी आलं का नाही, असं विचारायचं, असा हा न्याय होता.

ते दार ठोठावत राहायचं, की दुसरीकडे आपलं दार उभारायचं? लॉस एंजेलिसमधल्या दोन चित्रकर्त्या आणि त्यांच्या वीस-बावीस विद्यार्थिनी यांनी दुसरा मार्ग धरला. १९७२ च्या हिवाळ्यात त्यांनी एका पडीक घराचं केलेलं रूपांतर स्त्रीवादी कलेच्या इतिहासातला निर्णायक प्रसंग ठरलं. त्याचं नाव ‘वुमनहाउस’.

नाव बदललेली चित्रकर्ती

ज्युडी शिकागो यांचा जन्म १९३९ चा, शिकागो शहरातला. माहेरचं आडनाव कोहेन, लग्नानंतरचं गेरोविट्झ. पती तरुणपणीच मोटार अपघातात गेले. साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या कलाजगतात टिकायचं तर चित्रात बाईपणाची खूण दिसता कामा नये, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या. मोटारींच्या बॉडीवर रंग फवारायचं तंत्र त्या रीतसर शिकल्या आणि नेटक्या, भौमितिक, मोठाल्या आकारांची शिल्पं करू लागल्या. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममधल्या गाजलेल्या ‘प्रायमरी स्ट्रक्चर्स’ प्रदर्शनात त्यांचं काम होतं. नाव मिळत होतं, पण ते मिळवण्यासाठी स्वतःचा मोठा भाग स्टुडिओबाहेर ठेवून यावा लागत होता.

१९७० मध्ये त्यांनी हे थांबवलं. ‘आर्टफोरम’ या मासिकात जाहिरात देऊन त्यांनी वडिलांचं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही आडनावं सोडली आणि जन्मगावाचं नाव घेतलं. त्याच वर्षी फ्रेस्नो इथल्या सरकारी महाविद्यालयात त्यांनी फक्त मुलींसाठी कलावर्ग सुरू केला. फ्रेस्नो हा कॅलिफोर्नियाचा शेतीप्रधान भाग, कलेच्या बाजारापासून दूर. पंधरा मुली आल्या. शिकागो यांनी त्यांना कॅम्पसच्या बाहेर नेलं, एक जुनी जागा भाड्याने घेतली आणि ती दुरुस्त करून मुलींनी तिचा स्टुडिओ केला.

वर्गाची पद्धतही वेगळी होती. तेव्हा अमेरिकेच्या स्त्रीमुक्ती चळवळीत गोलाकार बसून प्रत्येकीने आळीपाळीने एका विषयावर स्वतःचा अनुभव सांगायची रीत होती. शिकागो यांनी तीच कलाशिक्षणात आणली. रस्त्यावर वाटणारी भीती, पैसा, आई, शरीर, महत्त्वाकांक्षा असे विषय निघत. बोलून झालं की त्या अनुभवाचं काहीतरी करायचं: चित्र, नाटुकलं, पोशाख, फिल्म, जे सुचेल ते. एरवी कलाशाळेत आधी साधन शिकवतात आणि आशय पुढे कधीतरी सापडेल असं धरून चालतात. इथे आशय आधी आला आणि साधन त्याच्या मागून.

पडीक घर

पुढच्या वर्षी हा वर्ग वॉल्ट डिस्नेंच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ‘कॅलआर्ट्‌स’ या नव्या संस्थेत आला. तिथे मिरियम शापिरो यांची शिकागो यांना साथ मिळाली. शापिरो त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठ्या, न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकलेत मुरलेल्या. त्यांचे पती पॉल ब्राख तिथल्या कलाशाखेचे प्रमुख होते. पण सत्र सुरू झालं तेव्हा व्हॅलेन्सियातल्या नव्या इमारतीचं बांधकाम पूर्ण झालेलं नव्हतं. वर्ग होता, जागा नव्हती.

संस्थेतल्या कला-इतिहासकार पॉला हार्पर यांनी सुचवलं की अख्खं घरच कलाकृती म्हणून घ्यावं. मुली गटागटाने शहरात घर शोधत हिंडल्या. हॉलिवूडच्या उत्तर मॅरिपोसा अव्हेन्यूवर ५३३ क्रमांकाचं, सतरा खोल्यांचं एक मोडकं घर त्यांच्या नजरेत भरलं. शेजाऱ्यांनी सांगितलं की मालकीण काही देणार नाही. मुलींनी सरकारी दप्तरातून तिचा पत्ता काढला आणि तिला पत्र लिहिलं. अमांडा साल्टर हे त्या वृद्ध मालकिणीचं नाव. घर पुढे पाडायचंच होतं, आणि तिने थोड्या महिन्यांसाठी ते या मुलींच्या हवाली केलं.

नोव्हेंबर १९७१ मध्ये काम सुरू झालं. खिडक्यांची तावदानं फुटलेली, भिंतींवर वॉलपेपरचे थर, घर उबदार ठेवायची सोय नाही. आधी झाडलोट, मग वॉलपेपर खरवडणं, लांबी भरणं, काचा बसवणं, वायरिंग, सुतारकाम, रंग. बहुतेक मुलींनी करवत किंवा ड्रिल मशीन कधी हातात घेतलेलं नव्हतं. कित्येक जणी वैतागल्या, रडल्या, भांडल्या. शिक्षिका फार हुकमत गाजवतात, अशी तक्रार त्यांनी तेव्हाही केली आणि पुढेही केली. शिकागो यांचं म्हणणं ठाम होतं: मोठं काम करायची सवय मुलींना लावलीच जात नाही, कंटाळा आला किंवा भीती वाटली की मागे सरकायला जग त्यांना आनंदाने परवानगी देतं, म्हणून इथे मागे सरकू द्यायचं नाही.

वुमनहाउसच्या इतिहासात दुरुस्तीचे हे महिने बहुतेक वेळा प्रस्तावना म्हणून उरकले जातात. मला ते अर्धं काम वाटतं. घर सांभाळण्यासाठी वाढवलेल्या मुली घर बांधायला शिकत होत्या. घर आपल्या हाती चालतं, पण त्याचा आराखडा दुसऱ्याचा असतो, हे भिंत फोडून पुन्हा उभी करताना जसं कळतं, तसं व्याख्यानातून कळत नाही. प्रेक्षकांवर या कलेचा परिणाम व्हायच्या आधी तो करणाऱ्यांवर झाला होता.

खोल्यांमधून

३० जानेवारी १९७२ रोजी घर उघडलं. पहिल्या दिवशी फक्त स्त्रियांना प्रवेश होता, त्यानंतर सगळ्यांना.

स्वयंपाकघर सुसान फ्रेझियर, विकी हॉजेट्स आणि रॉबिन वेल्च यांनी केलं होतं. भिंती, छत, शेगडी, फ्रिज, सिंक, सगळं एकाच गुलाबी रंगात. छतावर तळलेल्या अंड्यांची रांग, आणि भिंतीवरून खाली उतरताना त्या अंड्यांचे हळूहळू स्तन होत जात. ही खोली गोल बसून केलेल्या गप्पांतून निघाली होती. आईच्या स्वयंपाकघराबद्दल बोलायला लागल्यावर मुलींच्या लक्षात आलं की माया आणि राग दोन्ही तिथेच शिजत होते. खाऊ घालणं हा बाईच्या देहाचाच धर्म आहे, असं आपण मानतो. त्या मानण्याला फ्रेझियर आणि तिच्या मैत्रिणींनी शब्दशः भिंतीवर चढवलं, आणि रोजची खोली बघणाऱ्याला एकदम परकी वाटू लागली.

जिन्यावर कॅथी ह्युबरलँडची नववधू उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरीशुभ्र. तिच्या झग्याचा लांबलचक घोळ पायऱ्या उतरत खाली येई आणि येता येता मळत, करडा पडत स्वयंपाकघराच्या दिशेने जाई. सँडी ऑर्गेलने चादरी-अभ्र्यांच्या कपाटात एक विवस्त्र पुतळी बसवली. कपाटाच्या फळ्या तिच्या देहातून आरपार गेलेल्या, घड्या घातलेल्या चादरी त्या फळ्यांवर रचलेल्या, आणि एक पाय मात्र कपाटातून बाहेर पडलेला. रॉबिन शिफने एका न्हाणीघरातल्या टबमध्ये वाळूची बाई निजवली. लोक हात लावून बघत, वाळू ढासळे.

शिकागो यांनी स्वतः एक न्हाणीघर घेतलं. सगळं पांढरं, निर्जंतुक, जाळीदार पडद्याआड. फळीवर मासिक पाळीसाठीच्या बाजारू वस्तूंची चकचकीत रांग, आणि खाली कचऱ्याच्या डब्यातून ओसंडणारे लाल डागांचे पॅड. दूरचित्रवाणीवर सॅनिटरी पॅडच्या जाहिरातींना तेव्हा अमेरिकेत बंदी होती, ती त्याच वर्षी उठली. जे अर्ध्या जगाच्या घरात दर महिन्याला घडतं त्याचा रंग कलादालनांत तोवर क्वचितच दिसला असेल. काही प्रेक्षकांनी नाक मुरडलं. युद्धचित्रांतलं रक्त संग्रहालयांच्या भिंतींवर शतकांपासून टांगलेलं होतं आणि त्याला कोणी नाक मुरडत नव्हतं.

वर एका खोलीत कॅरन लकॉक आरशासमोर बसे. खोली कोलेट या फ्रेंच लेखिकेच्या ‘शेरी’ कादंबरीतल्या वय उतरणीला लागलेल्या लेआची. कॅरन चेहऱ्यावर थरावर थर रंग लावी, निरखी, पुसून टाकी, पुन्हा लावी. तासन्‌तास हेच. बघणारा आधी तिचं रूप बघे, मग तिचे कष्ट बघे.

शापिरो आणि शेरी ब्रोडी यांनी एक बाहुलीघर केलं. चिमुकला दिवाणखाना, स्वयंपाकघर, बाळाची खोली, चित्रपटतारकेची निजायची खोली आणि सगळ्यांत वर स्त्री-चित्रकाराचा स्टुडिओ. त्या स्टुडिओत मॉडेल म्हणून विवस्त्र पुरुष उभा. गोंडस वाटणाऱ्या या घरात बारीक पाहिलं की खिडकीबाहेर अस्वल दिसे आणि जमिनीवर विषारी साप. घर म्हणजे सुरक्षितता, ही समजूत त्या दोघींनी खेळण्यातून तपासायला लावली. आज ते बाहुलीघर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयात आहे.

आणि एका काळोख्या खोलीत फेथ वाइल्डिंगने पांढऱ्या दोऱ्याने क्रोशाचं प्रचंड जाळं विणलं होतं. आत शिरलं की बिछान्यासारखं ऊबदार, नीट पाहिलं की कोळिष्टकासारखं. क्रोशे हा घरबसल्या फावल्या वेळात टेबलक्लॉथ करायचा उद्योग, असं समजलं जाई. वाइल्डिंगने त्याच सुईने माणूस आत उभा राहील अशी वास्तू केली. तंत्र आजीचं होतं, आकार स्थापत्याचा होता, आणि त्याला हस्तकला म्हणून कोपऱ्यात बसवणं आता सोपं राहिलं नाही.

दिवाणखान्यातलं नाटक

संध्याकाळी दिवाणखान्यात छोटे प्रयोग होत. एका प्रयोगात ख्रिस रश गुडघ्यांवर बसून फरशी घासत राही, दुसऱ्यात सँडी ऑर्गेल चादरीला इस्त्री करत राही. कथानक नाही, संवाद नाही. घरात जे काम नजरेआड केलं जातं ते पाहुण्यांसमोर, पूर्ण वेळ, पूर्ण लांबीने.

सर्वांत खोल परिणाम झाला वाइल्डिंगच्या ‘वेटिंग’चा. खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून, अंग किंचित पुढेमागे हलवत ती एका बाईचा जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा प्रवास सांगते, आणि तो सारा वाट पाहण्यात जातो. कोणी उचलून घ्यावं म्हणून, मोठं व्हावं म्हणून, कोणी विचारावं म्हणून, लग्नासाठी, बाळासाठी, मुलं शाळेतून परतावीत म्हणून, स्वतःसाठी थोडा वेळ मिळावा म्हणून. पंधराएक मिनिटांचं हे स्वगत. एकेक वाट साधी, कुणालाही मान्य होईल अशी. एकापुढे एक ठेवल्यावर मात्र त्यांतून एका अख्ख्या आयुष्याचा आकार दिसतो आणि तो सहन होत नाही. प्रेक्षकांतल्या बायका रडत.

फक्त स्त्रिया असताना आणि पुरुषही असताना प्रेक्षागृह वेगळं वागतं, हे शिकागो यांच्या ध्यानात आलं. बायकाच बायका असल्या की हसू मोकळं येई, दाद उठे. मिश्र प्रेक्षकांत तीच जागा शांत जाई. भूमिका फक्त रंगमंचावर नव्हती, ती खुर्च्यांमध्येही बसलेली होती.

महिनाभरात सुमारे दहा हजार माणसं त्या घरातून फिरली. मार्चमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याची दखल घेतली. योहाना डेमेट्राकास यांनी या घरावर माहितीपट केला. २८ फेब्रुवारीला घर बंद झालं, बहुतेक काम तिथेच राहिलं आणि पुढे घरासकट पाडलं गेलं.

कोणाचं घर?

वुमनहाउसवरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्याच शहरातून आला, आणि तो कलेच्या रूपात आला. घरातल्या जवळजवळ सगळ्या जणी गोऱ्या होत्या, बहुतेक मध्यमवर्गीय. त्यांच्यासाठी स्वयंपाकघर ही आईने अडकून पडायची जागा होती. अमेरिकेतल्या असंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ती दुसऱ्याच्या घरात मजुरी करायची जागा होती.

लॉस एंजेलिसच्याच बेटी सार यांनी १९७२ मध्येच ‘द लिबरेशन ऑफ आंट जेमायमा’ केलं. आंट जेमायमा म्हणजे पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावरची हसरी, डोक्याला फडकं बांधलेली काळी स्वयंपाकीण. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरांत टिपणवही अडकवायला अशा बाहुल्या वापरत. सार यांनी तशीच एक बाहुली घेतली, एका हातात झाडू तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातात बंदूक दिली. एका छोट्या खोक्यात मावणारी ती कलाकृती सतरा खोल्यांना जे सांगायचं राहिलं होतं ते सांगते. स्त्रीची भूमिका एक नसते. ती वंशाने आणि वर्गाने वाटून दिलेली असते, आणि एकीच्या मोकळिकीचा भार अनेकदा दुसरीच्या पाठीवर असतो. पिठाच्या त्या ब्रँडने हे नाव आणि चित्र सोडल्याची घोषणा केली ती २०२० मध्ये, सार यांच्या कलाकृतीनंतर ४८ वर्षांनी.

या टीकेने वुमनहाउस खोटं ठरत नाही, अपुरं ठरतं. स्त्रीवादी कला पुढे ज्या वाटांनी गेली त्यांतल्या बऱ्याच या अपुरेपणातूनच फुटल्या.

पुढची वाट

शिकागो यांनी १९७३ मध्ये कॅलआर्ट्‌स सोडलं. डिझायनर शीला डी ब्रेटव्हिल आणि कला-इतिहासकार आर्लिन रेव्हन यांच्यासह त्यांनी त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये ‘वुमन्स बिल्डिंग’ उघडली. शाळा, दालनं, छापखाना असं सगळं असलेली ती संस्था १९९१ पर्यंत चालली. १९७४ ते १९७९ या काळात शिकागो यांनी चारशेहून अधिक सहकाऱ्यांसह ‘द डिनर पार्टी’ घडवलं: त्रिकोणी मेज, इतिहास-पुराणांतल्या ३९ स्त्रियांसाठी मांडलेली ताटं, त्यांखाली भरतकाम केलेलं कापड, आणि फरशीवर आणखी ९९९ स्त्रियांची नावं. १९९० मध्ये ते वॉशिंग्टनमधल्या एका विद्यापीठाला द्यायचं ठरलं, तेव्हा अमेरिकी काँग्रेसच्या सभागृहात त्याला अश्लील म्हणून झोडपलं गेलं आणि देणगी मागे घ्यावी लागली. २००७ पासून ते ब्रुकलिन संग्रहालयात कायमचं मांडलेलं आहे.

शापिरो यांनी वेगळा धागा धरला. मेलिसा मायर यांच्यासह त्यांनी दाखवून दिलं की कापणं, चिकटवणं, तुकडे जोडून नवं चित्र करणं हे पिकासो आणि ब्राक यांनी विसाव्या शतकात शोधलं, असं पुस्तकं सांगत असली तरी गोधड्या शिवणाऱ्या, चिकटवह्या सजवणाऱ्या बायका ते पिढ्यान्‌पिढ्या करत आलेल्या होत्या. मिअर्ल लेडरमन युकेलीस यांनी मूल झाल्यावर १९६९ मध्येच देखभालीच्या कामालाच कला म्हणणारा जाहीरनामा लिहिला होता. १९७३ मध्ये कनेटिकट राज्यातल्या वॉड्सवर्थ संग्रहालयाच्या पायऱ्या त्यांनी स्वतः पाण्याने धुतल्या आणि तो प्रयोग म्हणून नोंदवला गेला. आणि ज्या लॉस एंजेलिस संग्रहालयाच्या दारात १९७१ मध्ये निषेध झाला होता, तिथेच १९७६ च्या अखेरीस लिंडा नॉकलिन आणि ॲन सदरलंड हॅरिस यांनी १५५० ते १९५० या चार शतकांतल्या स्त्री-चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं.

कायद्याच्या आघाडीवर मात्र गोष्ट वेगळी घडली. वुमनहाउस बंद झालं त्यानंतर चारच आठवड्यांत, २२ मार्च १९७२ रोजी, अमेरिकी सिनेटने स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली. ३८ राज्यांची संमती हवी होती. १९८२ ची मुदत संपली तेव्हा ३५ वरच गाडी अडली होती. विरोधातली सर्वांत प्रभावी मोहीम फिलिस श्लाफ्ली यांनी गृहिणीच्या नावाने चालवली: या दुरुस्तीने घर मोडेल, बाईला घरात मिळणारं संरक्षण जाईल, असं त्या सांगत. म्हणजे अख्ख्या देशाचा वाद शेवटी घर म्हणजे काय, याच प्रश्नावर येऊन ठेपला होता, आणि तो प्रश्न मॅरिपोसा अव्हेन्यूवर आधीच विचारला गेला होता.

कलेने तो वाद जिंकून दिला नाही. कलेचं सामर्थ्य मतांच्या मोजणीत शोधलं तर निराशाच पदरी येते. भूमिका टिकते ती ती भूमिका आहे हे विसरल्यामुळे. रांधणं, वाट पाहणं, नटणं, घासणं ही बाईची प्रकृती आहे असं जोवर वाटतं तोवर तिच्याविरुद्ध तक्रारही सुचत नाही. त्या मुलींनी ही ‘प्रकृती’ लाकूड, रंग, दोरा आणि वाळूने पुन्हा बनवून दाखवली. जे बनवता येतं ते कोणीतरी बनवलेलं असतं, आणि कोणीतरी बनवलेलं असतं ते बदलता येतं. ही जाणीव मतदानाने नामंजूर करता येत नाही. म्हणूनच स्त्रीवादी कलेकडे चळवळीची सजावट म्हणून पाहणं चूक आहे. कायदा हक्क देतो, पण आपल्याला हक्क हवा आहे हे आधी दिसावं लागतं, आणि ते दाखवण्याचं काम कलेचं आहे. ते तिने केलं, आणि जिथे बाईच्या कष्टांना अजूनही तिचा स्वभाव म्हटलं जातं तिथे ते तिला पुन्हा करावं लागेल.